खाण तशी माती? : घराण्याचे वेड आणि घराचे मौन

१

'खाण तशी माती' ही म्हण मराठी समाजात दोन प्रसंगी हमखास उच्चारली जाते. एक, कोणा कर्तबगार माणसाचे मूल कर्तबगार निघाले म्हणजे. आणि दुसरे, कोणा घरातील एका माणसाचा मनोविकार उघड झाल्यावर त्या घरातील दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवायचे असते तेव्हा. पहिल्या प्रसंगी ती कौतुकाची असते, दुसऱ्या प्रसंगी निकालाची. विवाह जुळविताना होणारी 'घराण्याची चौकशी' हे या निकालाचे न्यायासन होय. मुलाचा चुलता कधी 'ठाण्याला' होता का, मुलीची आई मध्यंतरी माहेरी का राहिली होती, असे प्रश्न कोणी समोरासमोर विचारीत नाही; पण उत्तरे मिळविली जातात आणि त्या उत्तरांवर स्थळे मोडली जातात. नाशिक जिल्ह्यातील नांदगावसारख्या तालुक्याच्या गावी तर, जिथे प्रत्येक घर दुसऱ्या घराला दोनतीन पिढ्यांपासून ओळखते, तिथे ही चौकशी फार लांब जाण्याचीही गरज पडत नाही.

अशा गावातील महाविद्यालयात मराठीचा वर्ग चालतो आणि त्या वर्गात कुटुंब व मनोविकार यांचा संबंध असलेल्या साहित्यकृती शिकविल्या जातात. त्या कशा शिकविल्या जातात, हा प्रश्न म्हणूनच केवळ अध्यापनपद्धतीचा राहत नाही. बाकावर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याच्या घरात असा माणूस असतो आणि तो विद्यार्थी वर्गात कधीही हात वर करीत नाही. साहित्यकृतीचा जो अन्वयार्थ शिक्षक फळ्यावर मांडतो, तो त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने स्वतःच्या भवितव्याविषयीचे विधान असते. मराठी समीक्षेने या प्रश्नाचा विचार करताना 'घराणे' या कल्पनेला अवाजवी महत्त्व दिले आणि 'घर' या वास्तवाकडे पुरेसे पाहिले नाही, असे म्हणण्यास जागा आहे. ही तक्रार दोन परिचित साहित्यकृतींच्या आधारे तपासून पाहता येईल.

२

जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांच्या लेखनात मनाचा तोल गेलेली किंवा जाऊ लागलेली माणसे वारंवार भेटतात. त्यांतही 'बॅरिस्टर' (१९७७) या नाटकात वेडाची भीती हाच नायकाच्या जीवनाचा गाभा झालेला आहे. घराण्यात वेड आहे, वडिलांच्या व भावाच्या वाट्याला ते आले, तेव्हा ते आपल्यालाही सोडणार नाही, या जाणिवेच्या छायेत हा सुशिक्षित, विलायतेत राहून आलेला माणूस जगतो आणि अखेरीस ती छाया त्याला गिळते. विजया मेहता यांचे दिग्दर्शन व विक्रम गोखले यांची भूमिका यांमुळे हे नाटक मराठी रंगभूमीच्या स्मृतीत पक्के रुजले. पुढे त्यावरून 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपटही निघाला.

या नाटकाचे वाचन बहुधा आनुवंशिकतेची शोकांतिका म्हणून केले जाते. नायक थोर, पण रक्तात दोष. म्हणून विनाश अटळ. ग्रीक शोकांतिकेतील नियतीची जागा येथे रक्ताने घेतली, असे समीकरण मांडले की विवेचन पूर्ण झाल्यासारखे वाटते. परंतु याच नाटकात, याच वाड्यात, केशवपन केलेली विधवा मावशी आहे. आणि तरुण वयात वैधव्य आलेल्या राधेवर तोच प्रसंग येऊ घातला आहे. स्त्रीच्या देहावर व मनावर होणारा हा प्रहार वाड्याच्या दृष्टीने वेड नाही, तो आचार आहे. नायकाचे मन ज्या प्रसंगांनी ढवळून निघते त्यांत या आचाराचा वाटा मोठा आहे. म्हणजे 'शहाणे' म्हणून ओळखले जाणारे घर आणि 'वेडा' म्हणून ओळखला जाणारा माणूस यांना दळवींनी एकाच छपराखाली आणले आहे. रक्ताची भीती नायकाच्या मुखी आहे, हे खरे. परंतु पात्राची भीती आणि नाटकाचा निष्कर्ष या दोन भिन्न गोष्टी होत. समीक्षेने पात्राचे म्हणणे नाटकाचे म्हणणे मानले आणि वाड्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून मोकळे सोडले.

रक्ताचा सिद्धान्त लोकप्रिय का होतो, याचेही उत्तर येथेच आहे. दोष रक्तात असला म्हणजे घरातील कोणीच काही केलेले नसते. कोणी छळलेले नसते, कोणी गप्प बसलेले नसते, कोणाच्या दुःखाकडे कोणी पाठ फिरविलेली नसते. 'घराण्यातच आहे' हे वाक्य वरकरणी कठोर असले तरी ते घराला निर्दोष ठरविते आणि त्याची किंमत पुढच्या पिढीतील मुलांकडून वसूल करते.

३

दुसरी साहित्यकृती नाशिक जिल्ह्यातीलच आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान अढळ आहे. त्यातील निर्मळ विनोद, बोलीचा गोडवा आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्याबरोबरच्या विलक्षण संसाराचे चित्रण यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने ग्रंथाच्या अगदी आरंभी येणारे माहेरचे चित्र वाचक हसून मागे टाकतात. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांचे ते घर. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे, स्पर्शाची नुसती शंका आली तरी शुद्धी झाली पाहिजे, असे ते वेड होते आणि सारे घर त्या वेडाभोवती फिरत होते.

येथे तीन पिढ्या एका सूत्रात गोवलेल्या आहेत. पहिल्या पिढीवर राजसत्तेचा घाला पडला. दुसऱ्या पिढीने त्या घाल्याविषयी बोलण्याऐवजी धुण्यास आरंभ केला. तिसरी पिढी, म्हणजे लक्ष्मीबाई, त्या धुण्याच्या राज्यात जन्मली; फाशी तिने पाहिली नाही, पण फाशीने आणलेली भीती तिच्या बालपणातील रोजच्या पाण्यात होती. रक्तातून काही वाहत आले असे म्हणण्याचे येथे कारणच पडत नाही. भीती घराच्या नित्यक्रमातून, नियमांतून आणि मौनातून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आली. एवढ्या स्पष्टपणे ही वाट दाखविणारे दुसरे उदाहरण जुन्या मराठी गद्यात सहज सापडणार नाही.

यातील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वडिलांचा विकार ज्या रूपाने प्रकट झाला ते रूप त्यांनी स्वतः निर्माण केलेले नव्हते. ते जातिव्यवस्थेने तयार ठेवलेले होते. विटाळ, स्पर्श, शुद्धी ही भाषा समाजमान्य होती. एखादा मनुष्य दिवसभर भिंतीवर रेघा ओढीत बसला असता तर शेजाऱ्यांनी त्याला वेडा म्हटले असते. परंतु दिवसभर सोवळे पाळणारा मनुष्य फार झाले तर 'कडक' ठरतो. आचाराने विकाराला आसरा दिला आणि विकाराने आचाराला धार चढविली. या परस्परसाह्याचा खर्च दोन ठिकाणी पडला. घरात तो बायकांच्या श्रमांवर पडला. कारण धुण्याचा हट्ट पुरुषाचा असला तरी पाणी, चूल आणि कोठीघर बायकांच्या हाती असते. घराबाहेर तो त्या माणसांवर पडला ज्यांचा स्पर्श विटाळ मानला जात होता. त्यांच्या दृष्टीने गोखल्यांच्या घरातील वेड आणि शेजारच्या घरातील शहाणपण यांत फरक तो काय होता? 'स्मृतिचित्रे' वाचताना हा प्रश्न विचारला नाही तर वाचन अर्धे राहते.

या सूत्राचा शेवटही ग्रंथातच आहे. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर लक्ष्मीबाई काही काळ आपले अन्नपाणी वेगळे सांभाळीत राहिल्या. क्रमाक्रमाने त्यांनी ते बंधन टाकले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. याकडे धर्मांतराचा वृत्तान्त म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण सोवळ्याच्या भीतीत वाढलेल्या मुलीने ती भीती आपल्या हाताने उतरवून ठेवली, असाही त्याचा अर्थ आहे. खाण तशी माती झाली नाही. ज्या घरात धुणे हाच धर्म झाला होता त्या घरातील मुलीने स्पर्शाचा विटाळ मानणे सोडून दिले.

४

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप असा की, लक्ष्मीबाईंनी हे सारे विनोदाने सांगितले आहे. त्यात मनोविकाराचे गांभीर्य शोधणे म्हणजे ग्रंथाच्या प्रकृतीवर अन्याय करणे होय. परंतु विनोद आणि वेदना यांना परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद वडिलांना तुच्छ लेखीत नाही आणि त्यांचा हट्ट झाकूनही ठेवीत नाही. ज्या गोष्टीविषयी घरात बोलता येत नव्हते तिच्याविषयी साऱ्या महाराष्ट्रासमोर बोलण्याची सोय त्या विनोदाने करून दिली. पती-पत्नींच्या संसारातील टिळकांचा शीघ्रकोप आणि न सांगता घर सोडून जाणे यांविषयीही त्या याच स्वरात लिहितात. हसून सांगितलेली साक्ष ही साक्षच असते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. आजच्या मनोविकारशास्त्रातील एखादे नाव घेऊन ते एकोणिसाव्या शतकातील माणसाला चिकटविणे कितपत योग्य? वडिलांच्या सोवळ्याला आज कोणी 'कृतिअनिवार्यतेचा विकार' म्हणेल. असे नाव देण्याचा मोह टाळणेच इष्ट. रोगनिदान हे समोर बसलेल्या माणसाचे होते. पुस्तकातील पात्राचे होत नाही. शिवाय नाव दिल्याने जे हाती येते त्यापेक्षा अधिक निसटते. विकाराचे नाव घेतले की जातीचे नाव गळून पडते आणि उलट, केवळ कर्मठपणा म्हणून निषेध केला की फाशीच्या धक्क्याने हादरलेला माणूस नाहीसा होतो. साहित्याचे सामर्थ्य हेच की ते ही दोन्ही सत्ये एका माणसात एकत्र उभी करते. साहित्याच्या अभ्यासकाने त्यांतील एकाची निवड करू नये.

५

विज्ञान याविषयी काय सांगते, हे साहित्याच्या शिक्षकाला स्थूलमानाने तरी ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण वर्गात विज्ञानाच्या नावाने जे बोलले जाते ते पुष्कळदा म्हणीचेच रूपांतर असते. मनोविकारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे निर्विवाद आहे. परंतु वाटा म्हणजे निवाडा नव्हे. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर विकाराचे उदाहरण घेतले तर सर्वसाधारण लोकांत तो आयुष्यात केव्हातरी होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे एक असे मानले जाते. आईवडिलांपैकी एकाला तो असल्यास मुलांत ते शंभरात दहाच्या आसपास जाते. याचाच अर्थ, अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुलांना तो विकार होत नाही. समान जुळ्या भावंडांत आनुवंशिक द्रव्य जवळजवळ एकच असते. तरीही एकाला विकार झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असे नाही. रक्ताचा सिद्धान्त येथेच अपुरा ठरतो.

दुसऱ्या बाजूला, आघात पिढ्या ओलांडून कसा जातो याचा अभ्यास गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांच्या मुलांमध्ये, ज्यांनी स्वतः छावणी पाहिलीच नव्हती, मानसिक त्रास आढळतो, याकडे कॅनडातील व्हिव्हियन राकॉफ यांनी १९६६ मध्ये लक्ष वेधले. अमेरिकेतील सेल्मा फ्रायबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये असे मांडले की, आईबापांच्या बालपणातील न बोललेली दुःखे त्यांच्या तान्ह्या मुलांच्या पाळण्याभोवती भुतांसारखी वावरतात. मात्र ज्या आईबापांना आपले त्या वेळचे दुःख आठवते आणि पुन्हा जाणवते त्यांच्या मुलांना ती भुते सहसा बाधत नाहीत. लक्ष्मीबाईंच्या आत्मकथनाकडे या प्रकाशात पाहिले तर, त्यांनी लिहिले याला वाङ्मयीन मोलाखेरीज आणखी एक मोल आहे हे कळते.

कायद्याची स्थितीही पाहावी. हिंदू विवाह कायद्याने (१९५५) वधूवरांच्या मानसिक अवस्थेविषयी अट घातली आहे. ती अट त्या व्यक्तीपुरती आहे, तिच्या चुलत्याविषयी किंवा आजीविषयी नाही. विवाहाच्या चौकशीत चालणारा 'घराण्या'चा निकष कायद्याच्याही पलीकडचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर विकारग्रस्त व्यक्तीच्या सन्मानाचा व उपचारांचा हक्क मान्य केला. कायदा पुढे गेला आणि म्हण जागीच राहिली, असे म्हणावे लागते.

६

आता पुन्हा नांदगावकडे वळता येईल. ज्या उठावाच्या काळात लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली त्याच काळात नाशिक जिल्ह्यात भिल्लांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले होते. १८५८ च्या आरंभी नांदगावजवळ मांडवडच्या झाडीत भिल्ल बंडकरी आणि इंग्रजी फौज यांच्यात मोठी चकमक झाली. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये तिचा उल्लेख आहे. गॅझेटियरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या जखमांची चिंता आहे. त्या झाडीतून जे घरी परतले, जे परतले नाहीत, ज्या बायकांनी नंतरची वर्षे काढली, त्यांची भीती कोणत्या रूपाने पुढच्या पिढीत गेली, हे कोणत्याच पुस्तकात नाही.

एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षाच्या आगेमागे, एकाच सत्तेचे भय दोन प्रकारच्या घरांत शिरले. एका घरात ते सोवळ्याच्या रूपाने राहिले आणि त्या घरातील मुलीला लिहिता आल्यामुळे ते वाङ्मय झाले. दुसऱ्या घरांत ते कोणत्या रूपाने राहिले हे सांगण्यासाठी लेखणी नव्हती. त्या घरांविषयी अंदाजाने काही बोलणे, त्यांच्या माथी एखादा विकार मारणे, हा नवा अन्याय ठरेल; वसाहतीच्या सत्तेने भिल्लांच्या स्वभावाविषयी असे निवाडे पुरेसे दिलेले आहेत. एवढेच म्हणता येईल की, 'स्मृतिचित्रे' हा अपवाद आहे, नमुना नव्हे. आणि ज्याच्या घराची कहाणी लिहिली गेली नाही त्याच्या घरात दुःख नव्हते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

नांदगाव तालुका हा अवर्षणाचा. पावसाने दगा दिला की कर्ज, स्थलांतर आणि घरातील कर्त्या माणसाचा अबोला हे एकामागून एक येतात. या अबोल्याला नाव नसते. विकार टोकाला गेला तर 'बाहेरचे झाले' म्हणून भगताकडे धाव घेतली जाते. आणि तेही थकले म्हणजे 'ठाण्याला' किंवा 'येरवड्याला' हे शब्द दबक्या आवाजात उच्चारले जातात. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्याच्यासह पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच शासकीय मनोरुग्णालये महाराष्ट्राला दीर्घकाळ ठाऊक होती. उपचाराच्या जागेचे नावच शिवी व्हावे, यातून समाजाच्या भीतीचे मोजमाप होते.

७

मराठी कलाकृतींनी या भीतीतून बाहेर पडण्याच्या वाटा दाखविलेल्या आहेत. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) कोणालाही वेडा ठरविलेले नाही. तरीही न बोललेल्या गोष्टींच्या ओझ्याखाली एक सबंध घर कसे खचते ते दिसते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटात स्किझोफ्रेनियाग्रस्त भावाइतकेच त्याला सांभाळणाऱ्या बहिणीकडेही लक्ष दिलेले आहे. सांभाळणाऱ्या माणसाकडे वळलेली ही नजर साहित्याच्या अध्यापनातही येणे अगत्याचे आहे.

त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची आवश्यकता नाही. प्रश्न बदलण्याची आहे. कुटुंबातील मनोविकाराचे चित्रण असलेली साहित्यकृती शिकविताना 'हे वेड कोणाकडून आले?' या प्रश्नावर आजवर वर्ग संपत असे. त्याऐवजी तीन प्रश्न विचारता येतील. या घरात प्रथम भय कोणाला वाटले आणि कशाचे? त्या भयाभोवती रोजचे श्रम कोणी केले? आणि त्याविषयी बोलण्याची मनाई कोणाला होती? 'बॅरिस्टर'ला हे प्रश्न विचारले की मावशी व राधा नाटकाच्या मध्यभागी येतात. 'स्मृतिचित्रे'ला विचारले की चुलीशी, कोठीघरात राबणारी आई दिसू लागते आणि उंबऱ्याबाहेर उभी असलेली माणसेही दिसू लागतात.

शिक्षक हा वैद्य नव्हे आणि त्याने तसे होण्याचा प्रयत्न करू नये. विद्यार्थ्याला घरची हकीकत सांगण्यास वर्गात भाग पाडणे तर सर्वथा गैर. परंतु घराण्याचा शिक्का ही कोणत्याही साहित्यकृतीची शिकवण नाही, एवढे त्याने संहितेच्या आधाराने दाखवून द्यावे. शेवटच्या बाकावरील जो विद्यार्थी हात वर करीत नाही, त्याला जलालपूरच्या त्या मुलीची गोष्ट पूर्ण ऐकविली पाहिजे: ती धुण्याच्या भीतीत वाढली, ती भीती तिने ओळखली, हसत हसत लिहून काढली आणि आपल्या मुलांना तिने ती दिली नाही.